डॅडींचे स्पीकर आणि ट्रेबलचा नॉब

आमच्या घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन गोल नॉब आहेत. डावीकडचा बासचा, उजवीकडचा ट्रेबलचा. गेली पाच-सहा वर्षं ट्रेबलचा नॉब उजवीकडे अगदी शेवटपर्यंत फिरवलेला असतो. मम्मी दुपारी रेडिओ लावताना तो मागे आणते, कारण तिचं डोकं दुखतं. संध्याकाळी डॅडी तो पुन्हा पुढे नेतात. यावरून भांडण कधी झालं नाही, पण नॉब मात्र रोज दोनदा फिरतो.

"स्पीकर म्हातारे झालेत," डॅडी म्हणायचे. "आवाज दबलाय त्यांचा. रिटायर झालो की नवे घेऊ."

या मे महिन्यात ते रिटायर झाले. मिळालेल्या पैशातून त्यांनी ४०,००० रुपये बाजूला काढले आणि सुट्टीत घरी आलेल्या माझ्यावर काम सोपवलं. "तू इंग्रजीतलं एवढं वाचतेस ना, मग शोध जरा." आता मी साहित्याची विद्यार्थिनी. दहावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नाही. पण दीड महिना वाचलं, विचारलं, खोलीत खुर्च्या हलवून पाहिल्या. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. तुमच्याही घरी कुणी ना कुणी स्पीकर बदलायच्या विचारात असेलच.

आमचं घर, आमचं ऐकणं

आम्ही मूळचे वसईकडचे. डॅडी १९८९ साली नोकरीसाठी बडोद्याला आले आणि मकरपुऱ्यात राहिले. इथे एकीकडे १८७० च्या सुमाराचा गायकवाडांचा मकरपुरा पॅलेस आहे, जो आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि दुसरीकडे जीआयडीसीच्या शेडच्या रांगा. डॅडी त्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये आधी लेथवर होते, मग वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये.

इथे मिस्सा गुजराती किंवा इंग्रजीत ऐकायची सवय झाली. मराठी भक्तिगीतं आणि वसईची लग्नातली गाणी घरात कॅसेटवर उरली. शास्त्रीय संगीताची गोडी मात्र डॅडींना बडोद्यानेच लावली. खालच्या मजल्यावरचे मराठी काका गायकवाडी काळापासून इथले. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेबद्दल आणि उस्ताद फैयाझ खाँसाहेबांबद्दल ते अशा थाटात बोलतात, की जणू सगळं कालच घडलंय. त्यांनीच डॅडींना पहिल्या कॅसेटी भरून दिल्या. १९९६ मध्ये दिवाळीच्या बोनसमधून, नाताळला घरात गाणी वाजावीत म्हणून, डॅडींनी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले. स्पीकरची खोकी सुताराकडून करून घेतली होती. तेच हे म्हातारे स्पीकर.

आधी शोधा, आवाज बिघडतो कुठे

पहिली गोष्ट मला ही कळली की स्पीकर म्हणजे सगळी यंत्रणा नव्हे. आवाज पाच ठिकाणांहून जातो: मूळ रेकॉर्डिंग आणि ते वाजवणारं यंत्र, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग स्पीकर, मग खोली, आणि शेवटी कान. दुकानदार मधलं एकच ठिकाण विकतो, म्हणून आपणही तिथेच बघतो. मी एकेक ठिकाण तपासायचं ठरवलं.

सुरुवात कॅसेट डेकपासून. आत डोकावले तर टेप जिथून सरकते त्या हेडवर तपकिरी थर बसला होता. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. हा थर टेप आणि हेडच्या मध्ये येतो, आणि त्यामुळे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज हरवतात. पुसल्यावर फरक मला आणि मम्मीला लगेच कळला. खर्च जवळपास शून्य. डॅडी म्हणाले, "हो, थोडं बरं वाटतंय," आणि नॉब होता तिथेच राहिला.

मग स्पीकरची जाळी काढली. चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली अमेरिकेत ज्या रचनेचा स्पीकर मांडला, जवळपास तीच रचना आजही घराघरांत आहे. एक कागदी कोन, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती चुंबक. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की वेटोळं मागे-पुढे होतं आणि कोन हवा ढकलतो. कोनाच्या कडेला एक लवचीक पट्टी असते, ती कोनाला धरूनही ठेवते आणि हलूही देते. आमच्या स्पीकरात ती फोमची होती. मी बोटाने दाबली तर बिस्किटासारखी चुरा झाली. हा फोम उष्णतेने आणि दमट हवेने कुजतो, पंधरा-वीस वर्षांत बहुधा संपतोच. नुसती पट्टी बदलून मिळते. नवा स्पीकर घेताना रबराची किंवा कापडाची पट्टी असली तर ती जास्त टिकते.

म्हणजे डॅडींचं म्हणणं अर्धं खरं होतं, स्पीकर खरंच म्हातारे झाले होते. पण पट्टी फाटली होती ती मोठ्या कोनाची, आणि मोठा कोन खालचे, जाड आवाज काढतो. त्याने डग्गा फरफरेल, घुमारा जाईल. वरचे आवाज काढणारा छोटा ट्वीटर ठणठणीत होता. मग ट्रेबलचा नॉब शेवटपर्यंत का लागतो?

मी मोबाइल वायरने जोडला आणि शुद्ध स्वर काढणारं एक अ‍ॅप लावलं. एक हजार हर्ट्झ, दोन हजार, तीन हजार. आम्ही तिघं सोफ्यावर. चार हजारावर डॅडी म्हणाले, "बंद केलंस का?" मी आणि मम्मीने एकमेकींकडे पाहिलं. तो स्वर मम्मीला टोचत होता.

तेव्हा आठवलं, डॅडी दोन-तीन पावसाळे म्हणतायत, "हल्ली इथे रातकिडे ओरडत नाहीत."

वॅट, डेसिबल आणि स्टिकर

कानाकडे वळण्याआधी थोडं गणित सांगते, कारण स्पीकरला आणि कानाला ते एकच लागू होतं.

नव्वदच्या दशकातले 'पीएमपीओ १००० वॅट' असे स्टिकर तुम्ही पाहिले असतील. या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नव्हतं, ज्याला जो बरा वाटला तो त्याने छापला. खरं-खोटं करायला सोपी युक्ती आहे. यंत्राच्या मागे बघा. अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असेल तर आत जाते २४ वॅट वीज. २४ आत गेल्यावर हजार बाहेर कशी येणार? बघायचा तो आरएमएस आकडा.

त्याहून महत्त्वाची असते स्पीकरची संवेदनक्षमता. '८६ डेसिबल' लिहिलं असेल तर अर्थ असा की एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज येतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ८९ डेसिबलचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच मोठा वाजतो. आपल्या कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणून ३० वॅटच्या जागी ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन हाती काही लागत नाही. आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर ३० वॅटचा. ८७-८८ डेसिबलच्या स्पीकरला तो आमच्या हॉलपुरता भरपूर होता. तो बदलायचा नाही हे ठरलं.

आणखी एक नियम हॉफमन नावाच्या इंजिनिअरचा. 'के. एल. एच.' या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच. नियम असा: लहान खोकं, खोल बास आणि जास्त संवेदनक्षमता यांपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

खोलीही वाजते

आमचा हॉल १४ फूट बाय १० फूट. खाली टाइल्स, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, सामान कमी. टाळी वाजवली की आवाज टणटणतो. अशा खोलीत स्पीकरमधून थेट येणारा आवाज आणि भिंतींवरून परतणारा आवाज एकमेकांत मिसळतात, आणि गाण्याचे शब्द अस्पष्ट होतात.

खालच्या स्वरांचं वेगळंच असतं. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटर लांब. खोलीची लांबी तिच्या बरोबर निम्मी असेल, तर तो स्वर खोलीत अडकतो आणि घुमतो. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर, म्हणजे आमची खोली चाळीसच्या आसपास घुमणार. त्यात आमचे स्पीकर कोपऱ्यात, शोकेसच्या वर कोंबलेले. कोपऱ्यात दोन भिंती बासला आणखी फुगवतात. म्हणून मोठे, खोल बासचे स्पीकर आम्ही यादीतून काढले. आमच्या हॉलला ते झेपले नसते.

आम्ही केलं एवढंच: खिडकीला जाड पडदा, खाली सतरंजी, एका भिंतीशी पुस्तकांचं कपाट. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. हे जुन्याच स्पीकरवर करून पाहिलं, तर खालचे काका वर येऊन म्हणाले, "नवे आणले का रे?"

दुकानात

तरीही नवे घ्यायचेच होते. शहरातल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने आधी स्वस्त जोडी लावली, मग महाग. महाग जोडी अर्थातच छान वाटली. मी मोबाइलवर आवाज मोजणारं अ‍ॅप उघडलं. दुसऱ्या जोडीचा आवाज चार डेसिबल मोठा होता. थोडा मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ही जुनी गोष्ट आहे. म्हणून तुलना करताना आवाज आधी सारखा करून घ्या. विक्रेत्याने तसं हसत हसत करून दिलं, आणि मग फरक बराच कमी झाला.

कॅनडात फ्लॉइड टूल या संशोधकाने अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव आणि किंमत दिसत नसली की बहुतेकांची आवड एकसारखीच निघाली. ज्यांचा आवाज खालपासून वरपर्यंत सपाट, कुठे फुगवटा नाही, असे स्पीकर लोकांना आवडले. पण त्याच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचं ऐकणं कमी झालं होतं, त्यांचे कौल स्थिर नव्हते. तोच स्पीकर त्यांना आज चांगला वाटे, उद्या नाही.

मी हे दुकानाबाहेर डॅडींना सांगितलं. ते गप्प राहिले. कान तपासायला चला असं मम्मी दोन वर्षं सांगत होती आणि ते "मी काय बहिरा आहे?" म्हणत टाळत होते. मी म्हटलं, "डॅडी, तुमच्यासाठी नाही, स्पीकर निवडायला पाहिजे. नाहीतर चाळीस हजार फुकट जातील." पैसे फुकट जाण्याच्या भीतीने ते तयार झाले.

आलेख

कान तपासतात तेव्हा एक आलेख देतात. आडव्या रेषेवर स्वरांची उंची, उभ्या रेषेवर किती मोठा आवाज दिल्यावर ऐकू आलं ते. डॅडींचा आलेख एक हजार हर्ट्झपर्यंत ठीक, मग उतरत उतरत चार हजारावर खोल खाच, आणि आठ हजारावर थोडा वर. वयाने ऐकणं कमी होतं तेव्हा आलेख शेवटपर्यंत उतरत जातो. चार हजाराजवळची खाच ही सहसा मोठ्या आवाजाची खूण असते. तपासणाऱ्या बाईंनी आलेख पाहूनच विचारलं, "कारखान्यात होतात का?"

आता ते ३ डेसिबलचं गणित आठवा. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालेल, ८८ असेल तर चारच तास, ९१ असेल तर दोन. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. भारतात कारखान्यांसाठी आठ तासांना ९० ची मर्यादा धरली जाते. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही नोंद करण्याजोगा आजार होता. डॅडींना हे माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये कानाचे प्लग मिळायचे, पण ते घातले तर शेजारच्याची हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी घालायचं नाही, आणि घाला म्हणून सांगणारंही कुणी नव्हतं. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे मी डॅडींना कसं सांगायचं याचा विचार करत होते, तर बाईंनी सरळ सांगून टाकलं.

ट्रेबलचा नॉब का उपयोगी नव्हता तेही तेव्हा कळलं. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण जरा वाढवला की एकदम टोचायला लागतो. 'ऐकू आलं' आणि 'सहन होत नाही' यांच्यातली जागाच अरुंद होते. शिवाय 'स', 'श', 'फ' ही अक्षरं याच वरच्या भागात असतात. म्हणून त्यांना गाण्याची चाल कळते, शब्द कळत नाहीत. बाहेरचा स्पीकर कितीही महाग आणला तरी ही खाच भरत नाही.

मग घेतलं काय?

पैसे विभागले. १८,००० ची साधी जोडी घेतली: मध्यम आकाराची खोकी, ८७ डेसिबल, ८ ओहम, रबराची पट्टी, सपाट आवाज. स्टँड विकत घेतले नाहीत. डॅडींनी जुन्या मित्राच्या शेडमध्ये चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून दोन स्टँड बनवले आणि त्यात बांधकामाची उरलेली वाळू चाळून भरली, म्हणजे पाइप झणझणत नाही. वेल्डिंग करताना, तीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी कानात प्लग घातले. उरलेल्या पैशांत आणखी भर घालून कानाचं यंत्र घेतलं.

त्याबद्दल एक सूचना, तुमच्या घरी कुणाला उपयोगी पडेल म्हणून. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा चालणारा स्वर म्हणजे गोंगाट किंवा स्वतःचीच शिट्टी, असा त्यांचा समज होतो आणि ती तो दाबायला बघतात. तानपुरा म्हणजे नेमका तसाच स्वर! पहिल्या दिवशी डॅडींना तानपुरा थरथरत, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला. परत जाऊन संगीतासाठी वेगळी सेटिंग करून घेतली, मग जमलं. ही सेटिंग मागून घ्यावी लागते.

नव्या जोडीवर सगळंच सुंदर वाजतं असं नाही. हिराबाई बडोदेकरांची जुनी रेकॉर्डिंग लावली तर खरखर आधीपेक्षा जास्त ऐकू येते. ७८ च्या तबकड्यांवर वरचे स्वर फारसे नोंदलेच जात नसत. चांगला स्पीकर नसलेलं निर्माण करत नाही, असलेलं झाकतही नाही. पण नीट भरलेल्या कॅसेटवर तानपुऱ्याची जवार वेगळी उलगडते, आणि डग्ग्यावर हात घासत गेला की तो घासत गेल्याचं कळतं.

ट्रेबलचा नॉब आता मधोमध आहे. मम्मीने त्याच्यावर पेनाने खूण करून ठेवली आहे.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात डॅडींनी एक कॅसेट बाहेर काढली. माझ्या आत्याच्या लग्नात आजीने म्हटलेली गाणी, वसईच्या आमच्या बोलीतली. आजी जाऊन बारा वर्षं झाली. डॅडींनी ही कॅसेट बरेच दिवस लावली नव्हती. का, ते विचारलं तर म्हणाले, "ती काय म्हणते तेच कळेनासं झालं होतं." आम्ही दोघं स्टँडसमोर खुर्च्या टाकून बसलो. ते थांबवत थांबवत शब्द सांगत होते, मी वहीत लिहीत होते. चार गाणी उतरली. पाचव्या गाण्यात एक शब्द आहे, तो डॅडींना एक ऐकू येतो, मला दुसरा, आणि मम्मीला दोन्ही नाही. मांडवात मागे कुणीतरी भांडी आपटतंय, तो शब्द त्याखाली गेलाय. हे कुठल्याच स्पीकरने सुटायचं नाही. दिवाळीत वसईला जाऊन आजीच्या धाकट्या बहिणीला विचारायचं ठरलं आहे.